निवडणुकीचा पंच कोण?

आपल्या पैठण तालुक्यात गावोगाव जत्रा भरतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या होतात. हलगी वाजते. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर होतात. मग मोठे पैलवान उतरतात. शेवटची कुस्ती मानाची. तेवढ्यासाठी चार कोसांवरून माणसे येतात.

फडाच्या मधोमध एक माणूस उभा असतो. तो पंच. पाठ लागली की नाही, हे तो सांगतो. एकदा त्याने हात वर केला की कुस्ती झाली.

आता सांगा, हा पंच गाव कसा निवडते? ज्याचा चेला कुस्तीला उतरला आहे, त्या वस्तादाला कोणी पंच करील काय? नाही करणार. बरे, ज्याने जन्मात लाल माती अंगाला लावली नाही त्याला? त्यालाही नाही. दाव कळला पाहिजे आणि कोणाच्या तालमीचा नसला पाहिजे. या दोन गोष्टी तर झाल्याच. तिसरी एक आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पंचाचा निकाल पटला नाही म्हणून त्याचा हात धरून त्याला फडाबाहेर काढता येता कामा नये. तसे होऊ लागले तर पंच निकाल देण्याआधी पाटलाच्या तोंडाकडे बघू लागेल.

निवडणुकीचेही असेच आहे.

एका गावी पारावर वाचन चालले होते. वर्तमानपत्रात 'राज्य निवडणूक आयोग' असे शब्द आले. एका आबांनी विचारले, "मास्तर, आयोग मंजी कोन? दिल्लीचे सायेब का?"

मास्तर म्हणाले, "नाही आबा. दिल्लीचा आयोग वेगळा आणि हा वेगळा."

हा फरक पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांनाही ठाऊक नसतो. लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक दिल्लीचा भारत निवडणूक आयोग घेतो. तो २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या निवडणुका मात्र तो घेत नाही. त्या घेण्यासाठी प्रत्येक राज्याचा आपला एक आयोग असतो. आपल्या महाराष्ट्राचा आयोग १९९४ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य ठिकाण मुंबईत आहे. या आयोगात एकच माणूस असतो. त्याला 'राज्य निवडणूक आयुक्त' म्हणतात. म्हणजे आपल्या सरपंचापासून मुंबईच्या नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या कुस्तीला पंच एकच.

मग १९९४ च्या आधी पंच कोण होता?

थोडे मागे जाऊ. पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या सालच्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. कारभार लोकांच्या हाती आला खरा, पण निवडणूक कधी घ्यायची हे ठरवणे सरकारच्याच हाती राहिले. सरकारच्या मनात आले तर वेळेवर निवडणूक व्हायची. नाहीतर मुदत वाढवायची, नाहीतर प्रशासक बसवायचा.

याचा परिणाम काय झाला तो बघा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची निवडणूक १९७९ साली झाली. तिच्या पुढची थेट १९९२ साली. मधे तेरा वर्षे! १९७९ साली जे पोर पाळण्यात होते, ते पुढच्या निवडणुकीपर्यंत नांगर धरायला लागले. सरकारे आली, गेली. कोणालाच घाई नव्हती. कारण ज्याला हरण्याची भीती, त्याच्याच हातात तारीख.

हे दुखणे फक्त आपल्या राज्याचे नव्हते. म्हणून देशाच्या राज्यघटनेत दुरुस्त्या झाल्या. त्रेहात्तरावी दुरुस्ती खेड्यांसाठी. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. चौऱ्याहत्तरावी शहरांसाठी. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. पंचायतीची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याच्या आत पुढची निवडणूक, असे घटनेतच लिहिले गेले. मतदारयाद्या तयार करणे आणि निवडणुका घेणे यांवरची सगळी देखरेख राज्य निवडणूक आयोगाकडे दिली गेली. हे घटनेचे कलम २४३-के.

या कलमात आयुक्ताला दोन आधार दिले आहेत. पहिला असा की, त्याला सहजासहजी काढता येत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने आणि ज्या कारणांसाठी काढता येते, तीच रीत याला. म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांत मोठे बहुमत लागते आणि मग राष्ट्रपतींचा हुकूम. दुसरा असा की, एकदा नेमल्यावर त्याच्या नोकरीच्या अटी त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. म्हणजे कुस्ती चालू असताना पंचाचा हात धरायचा नाही.

पण नेमायचे कोणी? कलम म्हणते, राज्यपालांनी. आता राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तेव्हा ज्यांचे सरकार, त्यांच्या सल्ल्यानेच नेमणूक होते. इथे मला तरी दोरी जरा ढिली राहिली असे वाटते. पंच नेमायचा, आणि तो नेमायचा एका तालमीच्या वस्तादाने!

माणूस कसा असावा, हे घटनेने सांगितले नाही. ते राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली तसा कायदा केला. राज्य सरकारच्या प्रधान सचिवाहून खालच्या पदावर नसलेला माणूस असावा, असे त्यात आहे. मुदत पाच वर्षे. प्रधान सचिव म्हणजे मंत्रालयात एखाद्या खात्याचा सगळ्यांत वरचा अधिकारी. निवडणूक म्हणजे लाखो माणसांचे काम. तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक, शाळामास्तर, पोलीस, मतपेट्या, यंत्रे, मोटारी, सगळे एका दिवशी जुळवून आणायचे. ज्याने असला कारभार केला आहे, त्यालाच तो कळणार. त्यामुळे ही अट ठीक आहे. तिची दुसरी बाजूही आहे. जे. एस. सहारिया २०१४ साली आयुक्त झाले आणि यू. पी. एस. मदान २०१९ साली. दोघेही त्याआधी राज्याचे मुख्य सचिव होते. काल ज्या सरकारचा हुकूम पाळायचा, आज त्याच सरकारला 'थांबा' म्हणायचे. हे सोपे काम नाही.

त्याआधी २००९ ते २०१४ या काळात नीला सत्यनारायण या आयुक्त होत्या. या पदावर आलेल्या त्या महाराष्ट्रातल्या पहिल्या बाई. त्या मराठीत कविता आणि पुस्तके लिहीत. त्यांच्याच काळात, २०११ साली, आपल्याकडे पंचायतींत आणि पालिकांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. तो कायदा विधिमंडळाचा. जागा किती राखायच्या हे कायदा ठरवतो. त्याबरहुकूम निवडणूक घेणे हे आयोगाचे काम.

आता दोन खऱ्या गोष्टी सांगतो. एक गोव्याची आणि एक आंध्राची.

गोव्यात २०२० च्या नोव्हेंबरात राज्य निवडणूक आयुक्ताचे पद रिकामे होते. सरकारने आपल्या कायदा सचिवाकडेच या पदाचा जादा कार्यभार दिला. म्हणजे तो माणूस सकाळी सरकारचा सचिव आणि दुपारी सरकारवर लक्ष ठेवणारा आयुक्त. पगार सरकारचा, साहेबही सरकारच. पुढे नगरपालिकांच्या निवडणुका आल्या. सरकारी खात्याने प्रभागांचे आरक्षण जाहीर केले. त्यात स्त्रियांना कायद्याने मिळायच्या तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत. लोक उच्च न्यायालयात गेले. १ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचे आरक्षण रद्द केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. आरक्षणाबद्दलचा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवलाच. वर पंचाचीही चौकशी केली. सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसाला आयुक्ताचा जादा कार्यभार देणे ही राज्यघटनेची थट्टा आहे, अशा अर्थाचे न्यायालय बोलले. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असलेला कोणीही या पदावर बसता कामा नये, असे त्याने सगळ्या राज्यांना बजावले. गोव्यात मग नोकरीत नसलेला माणूस आयुक्त झाला आणि त्या पाच पालिकांचे मतदान एप्रिलमध्ये नव्या आरक्षणाने झाले.

गंमत बघा. तो सचिव कायदा जाणणारा होता. म्हणजे दाव कळत होता. अडचण एवढीच की तो एका तालमीचा होता.

आंध्र प्रदेशात उलटे झाले. तिथे एन. रमेश कुमार हे आयुक्त होते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली म्हणून त्यांनी पंचायतीच्या आणि पालिकांच्या निवडणुका पुढे ढकलल्या. सरकारला ते रुचले नाही. आता आयुक्ताला काढता तर येत नाही. मग सरकारने वेगळीच वाट काढली. १० एप्रिल २०२० रोजी एक वटहुकूम आला. आयुक्त हा उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीशच असावा आणि त्याची मुदत पाचऐवजी तीन वर्षे असावी, असे त्यात होते. झाले! रमेश कुमार न्यायाधीश नव्हते आणि त्यांची तीन वर्षे उलटून गेली होती. एका कागदाने ते घरी गेले. दुसऱ्या माणसाची नेमणूकही झाली.

वरवर पाहता न्यायाधीश आणणे वाईट आहे काय? नाही. एरवी कोणी ही सूचना केली असती, तर मीही मान डोलावली असती. पण इथे पात्रतेची पट्टी बदलली ती चांगला माणूस आणण्यासाठी नव्हे, नको असलेला माणूस घालवण्यासाठी. उच्च न्यायालयाने २९ मे २०२० रोजी तो वटहुकूम रद्द केला. जुलै महिना संपता संपता रमेश कुमार पुन्हा आपल्या खुर्चीवर आले.

आपल्याकडे असे काही झाले नाही, असे म्हणून हात झटकू नयेत. निवडणुकीचे अधिकार आयोगाचे किती आणि विधिमंडळाचे किती, यावरून २००८ साली मुंबईत मोठा वाद झाला. तेव्हाचे आयुक्त नंदलाल यांना विधानसभेच्या हक्कभंग समितीने बोलावले. ते गेले नाहीत. विधानसभेने त्यांना दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, यावर तेव्हा पुष्कळ बोलणे झाले. पण पंचाला कोठडी दाखवल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, एवढे लक्षात असू द्या. पुढे मार्च २०२२ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक यांनी मिळून कायदा केला आणि पालिका व जिल्हा परिषदा यांचे प्रभाग आणि गट पाडण्याचे काम आयोगाकडून सरकारकडे घेतले. एरवी ही मंडळी एका विहिरीचे पाणी पीत नाहीत!

रिकाम्या खुर्चीचीही गोष्ट आहे. यू. पी. एस. मदान यांची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. मुदत कधी संपणार हे पाच वर्षे आधीपासून ठाऊक होते. तरी नवे आयुक्त दिनेश वाघमारे नेमले गेले ते जानेवारी २०२५ मध्ये. मधे चार महिने आयोगाला आयुक्तच नव्हता. त्या वेळी राज्यातल्या निवडणुका आधीच अडलेल्या होत्या. कारण होते इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा सर्वोच्च न्यायालयातला खटला. म्हणून रिकाम्या खुर्चीचा कोणी फारसा गवगवा केला नाही. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. तेव्हापासून २०२५ साल सरेपर्यंत तिथे लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. अधिकारी कारभार पाहत होते. शाळेचे पत्रे उडाले, हातपंप बंद पडला, तर ज्याच्या दारात जाऊन हक्काने बोलावे असा आपल्या गटाचा माणूस नव्हता.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढा. पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. आयोगाने आधी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती घेतल्या. पैठणची पालिका त्यांतच होती. मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी ठरले. काही ठिकाणी न्यायालयातल्या अपिलांमुळे ते २० तारखेवर गेले. मतमोजणी २१ डिसेंबरला झाली.

पारावरचे आबा हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, ह्ये समदं मुंबईचं झालं. आमच्या गावात त्या आयोगाचा काय उपेग?"

मास्तरांनी त्यांना उमराण्याची हकिकत सांगितली.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. मतदान १५ तारखेला. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी गावात सरपंचाच्या आणि सदस्यांच्या पदांचा लिलाव झाल्याचे बाहेर आले. जास्त बोली बोलेल त्याचे पद! उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. गावातल्या काहींना यात वाईट वाटले नाही. पैसा गावाच्या कामाला, देवळाला येणार, मग बिघडले कुठे, असे ते म्हणत. पण ज्याच्याकडे कोट नाही की लाख नाही, त्या मजुराने सरपंच व्हायचेच नाही काय? आणि ज्याने दोन कोट ओतले, तो ते वसूल कुठून करणार?

आयोगाने अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवले, कागद पाहिले आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. गावातले वजनदार लोक एका बाजूला असताना हे करायला पाठीचा कणा लागतो. आयुक्त जर कोणाच्या मर्जीवर खुर्चीत बसलेला असता, तर एका फोनने हे प्रकरण मिटले असते.

आयोगाला स्वतःची माणसे मात्र थोडी. आयोगाने मागणी केली की राज्यपालांनी माणसे पुरवावीत, असे घटनेत आहे. त्यामुळे निवडणुकीत तुम्हाला जे दिसतात ते तहसीलदार, तलाठी आणि मास्तरच. एरवी ते सरकारची चाकरी करतात. पण निवडणुकीच्या कामापुरते ते आयोगाच्या हुकुमाखाली असतात. सरकारच मदत करीनासे झाले, तर आयोगाने न्यायालयात जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २००६ च्या निकालात सांगितले आहे. तो खटला अहमदाबादच्या महापालिकेचा होता, पण निकाल सगळ्यांना लागू आहे.

आबांनी शेवटी आपल्या मनातले विचारले. त्यांच्या सुनेचे नाव मागच्या वेळी यादीत नव्हते. "मग आता मुंबईला जावं लागतंय का?"

मुंबईला जावे लागत नाही. पंचायतीची मतदारयादी ही विधानसभेच्या यादीवरून, प्रभागवार फोडून करतात. विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर इथे ते नव्याने घालता येत नाही. म्हणून निवडणूक नसतानाच आपल्या गावच्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे नाव नोंदवून ठेवावे. हा अधिकारी बहुधा शाळेतले मास्तर किंवा अंगणवाडीच्या बाई असतात. निवडणूक आली की प्रभागाची कच्ची यादी लावतात. ती स्वतः वाचावी. आता आपल्याला वाचता येते. नाव भलत्याच प्रभागात गेले असेल, तर दिलेल्या मुदतीत तहसील कचेरीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घ्यायला लाजू नये. तोंडी सांगितलेले कोणाच्या ध्यानात राहत नाही.

निवडणूक लागल्यावर मधेच न्यायालयात जाऊन ती सहसा थांबवता येत नाही. ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यावर काही गैर झाले असे वाटले, तर पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. सोळाव्या दिवशी गेले तर उपयोग नाही.

आबांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला लिहिले, 'हरकत – तहसील – पोच'. 'हरकत' मधला 'त' त्यांनी दोनदा खोडून लिहिला. मग ते सुनेला हाक मारायला घराकडे गेले.